घमेलं आपलं, थापीही आपलीच



आपल्या कळमनुरी तालुक्यात कुठलंही बांधकाम बघा. भिंतीवर मिस्तरी असतो आणि खाली घमेलं उचलणारी बाई. आमच्या गटातल्या एक ताई बारा वर्षं बिगारी काम करतात. मी विचारलं, "ताई, भिंत बांधायला शिकता का?" त्या हसल्या. "थापी बाईच्या हातात कोण देतंय?"

मी म्हटलं, "मसाला कसा कालवता?"

"विटकामाला एकाला सहा. विटा आधी भिजवायच्या, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी पितात."

म्हणजे अर्धं काम येतंच की! राहिलं ते ओळंबा धरणं, गुण्या लावणं, दोरीत थर उचलणं आणि सांध्यावर सांधा येऊ न देणं.

ते शिकायची सोय आहे. ग्रामीण घरकुल योजनेत गवंडी प्रशिक्षण ४५ दिवसांचं असतं. खऱ्या घरकुलावर काम करत शिकायचं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. झारखंडात शौचालयं बांधायला बायका अशाच शिकल्या. तिथं त्यांना 'राणी मिस्त्री' म्हणतात.

आणि हा प्रश्न फक्त मजुरीचा नाही. १० जुलै २०२४ ला सकाळी आपण सगळ्या घराबाहेर पळालो होतो. ४.५ चा धक्का होता. १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींनीच माणसं मारली. पुढं तिकडच्या गावांत दुरुस्तीच्या कामांसाठी बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. भिंतीचा कोपरा गुंफलाय का, दारं-खिडक्यांच्या वर सळ्यांचा काँक्रीट पट्टा चारी भिंतींवरून फिरवलाय का, हे घरातल्या बाईला कळलं पाहिजे. भिंतीखाली आपलीच लेकरं झोपतात.

अडचणी आहेतच. तुकडी कधी सुरू होणार, तेवढे दिवस मजुरीचं काय, हे पंचायत समितीत आधीच विचारा. एकटीनं जाऊ नका, चौघी-पाचजणी मिळून नाव द्या. आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल, तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. बिगारी बाईलाही ती करता येते.

मागच्या बैठकीत त्या ताईंनी नाव लिहून दिलं. त्यांच्या खाली आणखी दोघींनी. शुक्रवारी आम्ही पंचायत समितीत जाणार आहोत. तुम्हीही या.