भांगेच्या शेतांत नर किती असावे?



परसांतील पपईचीं सर्वच झाडें फळत नाहींत, हें आपणांस ठाऊक आहे. नर झाड फुलतें, पण फळ धरीत नाहीं. भांगेची रीतहि अशीच. भांग, गांजा आणि युरोपांतील दोरखंडांचा धागा हीं एकाच वनस्पतीचीं देणीं. तिचें बीं पेरलें असतां नर व मादी साधारणतः निम्मेनिम्म निघतात.

यांपैकीं नर किती ठेवावे, हें पिकाच्या हेतूवर अवलंबून आहे. बंगालच्या राजशाही जिल्ह्यांत नौगांव येथें पूर्वीं सरकारी परवान्यानें गांजा पिकत असे. १८९३-९४ च्या चौकशी कमिशनाच्या अहवालांत तेथील ‘पोद्दार’ नांवाच्या जाणत्या माणसांची हकीकत आहे. नर ओळखून ते फुलण्यापूर्वीं उपटून टाकणें हें त्यांचें काम. कारण बीं धरलें कीं गांजाची प्रत उतरते. तेथें एकहि नर नको.

बीं राखणाराचें तसें नाहीं. पराग वाऱ्यावर उडतो. एक नर शेंकडों मादी झाडांस पुरतो. तेव्हां काटकसरी मनुष्य म्हणेल, एकच उत्तम नर ठेवूं. हा हिशेब फसवा आहे. प्रत्येक बियाचा निम्मा वारसा पित्याकडून येतो. नर एकच असेल तर पुढच्या पिढींतील सारीं रोपें निदान सावत्र भावंडें होतात, आणि पुढें त्यांचाच आपसांत संकर होतो.

अमेरिकन शास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनीं १९३१ सालीं याचें सूत्र दिलें. नर व मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याची चौपट करावी आणि एकूण संख्येनें भागावें. ५० नर व ५० मादी असल्यास उत्तर १०० येतें. १० नर व ९० मादी असल्यास ३६. आणि १ नर व ९९ मादी असल्यास अवघें ४! डोळ्यांस शंभर झाडें दिसतात, पण वंशाच्या दृष्टीनें तीं चारच. अशा शेतांत दर पिढीस आनुवंशिक विविधतेचा सुमारें आठवा हिस्सा नाहींसा होतो, आणि तो कितीहि खत घातलें तरी परत येत नाहीं.

संख्येइतकीच निवडहि महत्त्वाची. ‘खाण तशी माती’ म्हणतांना आपण आईकडेच पाहतों. बीं निवडणाराहि मादीकडेच पाही. नर मात्र पराग सांडून लवकर वाळतो. त्याची पारख होईपर्यंत त्याचें कार्य उरकलेलें असतें. जर्मनींत ब्रेडेमान यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत यावर तोड काढली. फुलण्यापूर्वीं नराचें खोड उभें चिरावयाचें, एका अर्ध्यांतील धागा मोजावयाचा, दुसऱ्या अर्ध्यावर झाड जगवावयाचें, आणि कमी धाग्याचे नर पराग सांडण्यापूर्वींच काढून टाकावयाचे. कांहीं दशकांत धाग्याचें प्रमाण सुमारें दुपटीवर गेलें.

म्हणून बीं राखणारानें नर पुष्कळ तपासावे, आणि त्यांतून चांगले एक नव्हे, अनेक ठेवावे. जो नर या हंगामांत निरुपयोगी दिसतो, त्याच्यावरच पुढील पिकाची निम्मी भिस्त असते.