पितळेचं पातेलं आणि बाळाचं यकृत



यकृताच्या आजारांवर बोलायचं म्हटलं की विषय दारूपासून सुरू होतो. आज मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, त्याचे रुग्ण नुकतीच पावलं टाकू लागलेली मुलं होती. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचं नाव ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’. १८८७ मध्ये कलकत्त्यात त्याचं पहिलं वर्णन झालं. त्यानंतर जवळजवळ शतकभर कारण हाती आलं नाही. ते हाती येण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे आणि तो पुणेकरांना ठाऊक असायला हवा.

हा आजार साधारण सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना होई. मूल किरकिरं होई, अंगात बारीक ताप राही, पोट फुगू लागे. डॉक्टर उजव्या बरगडीखाली बोटं दाबत, तेव्हा यकृताची कड हाताला लागे. ती कडक असे आणि पानाच्या कडेसारखी धारदार. अनुभवी बालरोगतज्ज्ञ त्या एका स्पर्शावरून मनात निदान करीत. कावीळ दिसेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असे. एकाच घरात दोन-तीन भावंडं जात, म्हणून दोष रक्तात आहे असं वाटे. कुणी विषाणूवर संशय घेतला, कुणी धान्यावरच्या बुरशीच्या विषावर.

इथे यकृताचा रक्तपुरवठा समजून घेऊ. मोठ्या माणसाच्या यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं. त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही. ते जठर, आतडी आणि प्लीहा यांतून फिरून ‘पोर्टल व्हेन’ या शिरेने येतं. आतड्यात शोषलेल्या बहुतेक मालाला आधी या जकात नाक्यावरून जावं लागतं. तांबंही याच वाटेने येतं आणि शरीराबाहेर जातं ते मुख्यतः पित्तातून. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा जास्त असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची ताकद अजून कच्ची असते. त्यात वरून तांबं येत राहिलं, तर ते साचतं. पेशी मरतात, त्यांच्या जागी चिवट तंतू येतात आणि रक्ताची वाट आवळली जाते. मग पोर्टल व्हेनमधला दाब वाढतो, प्लीहा मोठी होते, पोटात पाणी भरतं.

प्रयोगशाळेचा पुरावा १९७०च्या दशकाच्या अखेरीस आला. सुईने काढलेल्या यकृताच्या बारीक तुकड्याला ऑर्सीन हा रंग दिला, की पेशींत गडद तपकिरी कण दिसत. तांब्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे हे कण होते. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या ऊतीत साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या मुलांत ते अनेकदा हजाराच्या घरात आणि त्याहून वर गेलेलं होतं. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले. इंग्लंडमधल्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडित होते. तांबं साचणारा विल्सनचा आजार डॉक्टरांना आधीच माहीत होता. पण त्यात रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, म्हणजे तांबं वाहणारं प्रथिन, बहुधा कमी असतं. या मुलांत ते कमी नव्हतं. म्हणजे हा आजार निराळा होता. मग एवढं तांबं आलं कुठून?

याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळणारं नव्हतं. त्यासाठी आईला विचारावं लागलं : बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवलं? रात्रभर कशात ठेवलं? डॉ. शीला भावे, डॉ. पंडित आणि टॅनर यांनी आजारी मुलांच्या घरची माहिती तशाच वयाच्या इतर मुलांशी ताडून पाहिली. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवण्याचं प्रमाण त्यांच्या घरी कितीतरी जास्त होतं. १९८३ मध्ये हा मुद्दा ‘लॅन्सेट’मध्ये मांडला गेला. पुढे दुधावरच प्रयोग झाले. पितळेतलं तांबं दुधात उतरतं आणि केसिन या प्रथिनाला चिकटतं, हे त्यांतून दिसलं. आपल्या आज्या कल्हईवाल्याची वाट का पाहत, हे यावरून कळावं. कल्हई उडालेलं भांडं बाळाच्या दुधाला चालत नाही.

त्या मातांना मात्र बोल लावू नका. पितळ शुद्ध, दुधाला ते उत्तम, असं त्यांना घरातल्या मोठ्यांनीच सांगितलेलं होतं.

विज्ञानाने इथेही घाई केली नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पिण्याच्या पाण्यात बरंच तांबं असलेल्या गावांतल्या मुलांची पाहणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे असे मृत्यू आढळले नाहीत. उलट ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अशाच आजाराने गेल्याची नोंद १९९६ मध्ये झाली. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यांत शिजवलं जाई, आणि कुटुंबांच्या वंशावळींत आनुवंशिक दोषाची खूण होती. भांडी बदलली, तसा आजार गेला. म्हणजे जन्मजात नाजूकपणा आणि वरून आलेलं तांबं, दोन्ही एकत्र आले की घात होत असावा. वंश बदलता येत नाही, पातेलं बदलता येतं.

आपल्याकडेही तसंच झालं. कावीळ होण्याआधी निदान झालं तर पेनिसिलामाइन या औषधाने काही मुलं वाचली. पण खरा फरक पडला तो स्टीलची भांडी घरोघरी आल्याने आणि आयांपर्यंत माहिती पोहोचल्याने. आज हा आजार अगदी दुर्मीळ आहे.

तरुण डॉक्टरांना माझं एवढंच सांगणं आहे. तपासणीचा कागद वाचा, पण रोग्याच्या घरचं पाणी, भांडी, जेवण, घेतलेली सगळी औषधं, जडीबुटीसकट, विचारल्याशिवाय त्याला उठू देऊ नका. आणि तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेणाऱ्या घरांना विनंती : हौस जरूर करा, पण बाळाचं दूध त्यात तापवू नका आणि साठवूही नका. पहिले सहा महिने बाळाला आईचं दूधच पुरेसं आहे.