चुलीखालचा ओटा



घरोघरी मातीच्या चुली, असे आपण म्हणतो. पण त्या चुलीच्या खाली काय आहे, हे कधी पाहतो का? आज आम्ही त्याविषयी चार शब्द सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आता गॅस आला. चुलीचं काय घेऊन बसलात?" खरे आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली. पुष्कळ घरांत गॅस आला. तरी आपल्या सोलापूर भागात ज्वारीची भाकरी अजून चुलीवर भाजतात. अंघोळीचे पाणी तुराट्यांवर तापते. गॅस संपला की चूल आहेच. म्हणून चुलीचा ओटा नीट हवा.

आधी आमची एक चूक सांगतो.

१९८५ साली आम्ही नवे मास्तर होतो. सोलापुरात एका जुन्या वाड्यात माडीवर राहत होतो. माडीची जमीन लाकडी फळ्यांची होती. त्यावर चूल कशी मांडायची? आम्ही शहाबादी फरशीचे दोन तुकडे आणले. फळ्यांवर मातीचा पातळ थर दिला. त्यावर फरशी ठेवली आणि वर चूल मांडली.

शेजारी एक गवंडीमामा काम करत होते. ते म्हणाले, "गुरुजी, फरशीखाली इटा घाला की. दगुड तापला म्हंजी खालचं लाकूड बी तापतंय."

आम्ही हसलो. मनात म्हटलं, दगड कधी पेटतो का? आठ विटांचे पैसे वाचवले.

चार महिने काही झाले नाही. मग एका रात्री खालून घरमालकीण आजींची हाक आली, "मास्तर, वरनं धूर येतोय!" आमची चूल तर विझलेली होती. आम्ही फरशी उचलली. खालच्या फळ्या कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या. एक फळी धुमसत होती. घागरभर पाणी ओतले, तेव्हा ती विझली. त्याच फळीच्या खाली आजींचा दोन वर्षांचा नातू झोपला होता.

ती रात्र आम्ही विसरलो नाही.

असे का झाले? तव्याकडे पाहा. तव्याखाली जाळ असतो आणि तव्यावर भाकरी भाजते. तवा पेटत नाही, पण ऊब पलीकडे देतो. फरशीचेही तसेच. फरशी निखारा अडवते, ऊब अडवत नाही. लाकूड रोज रोज तापले की त्याचा हळूहळू कोळसा होतो. मग ते थोड्या उष्णतेनेही धुमसू लागते.

दुसऱ्या दिवशी गवंडीमामांनीच उपाय केला. फळ्या बदलल्या. त्यांवर विटा ओळीने मांडल्या. दोन ओळींत चार बोटे जागा मोकळी ठेवली. विटांवर फरशी बसवली. मोकळ्या जागेतून वारा खेळू लागला आणि ऊब बाहेर जाऊ लागली. पुढे आम्ही अधूनमधून हात घालून पाहत असू. खालच्या फळ्या गारच असत.

आता तुमच्या घरचा ओटा. तुमची जमीन मातीची आहे, ती पेटत नाही. पण निखारा उडतो आणि ठिणगी कडब्यावर पडते. म्हणून ओटा असा बांधा.

पहिली गोष्ट जागेची. कुडाची भिंत, पाचटाचे छप्पर, कडबा आणि शेण्यांची रास यांपासून चूल निदान ३ फूट लांब हवी. दारासमोर चूल नको. वाऱ्याने ठिणग्या उडतात.

दुसरी गोष्ट पायाची. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते. तिच्यावर फरशी टिकत नाही. म्हणून १ फूट माती खणून काढा. त्यात मुरूम भरा, पाणी मारा आणि धुमसाने ठोका.

तिसरी गोष्ट मापाची. ओटा ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि एक वीत उंच पुरे. चुलीच्या तोंडापुढे दीड फूट फरशी मोकळी राहिली पाहिजे. सरपण लांब असते. जळते टोक तुटले की ते पुढेच पडते. ते फरशीवर पडले तर विझेल, गोणपाटावर पडले तर भडकेल.

चौथी गोष्ट फरशीची. शहाबाद हे गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. त्या गावावरून या फरशीला नाव पडले. बांधकामातून उरलेले तुकडेही चालतात. पण एक ध्यानात ठेवा. हा चुनखडीचा दगड आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिचा चुना होतो, हे तुम्ही जाणता. मग तिच्यावर थेट जाळ कसा करायचा? ती फाटकन तडकते आणि कपचा उडतात. म्हणून जिथे जाळ होणार तिथे फरशी लावू नका. तिथे भाजलेल्या विटांचे दोन थर मातीत बसवा. वीट भट्टीतून तावून निघालेली असते. फरशी फक्त भोवती आणि पुढे लावा. तापलेल्या फरशीवर गार पाणीही ओतू नका.

पाचवी गोष्ट बसवण्याची. १ घमेले सिमेंट आणि ४ घमेली वाळू कालवा. एक इंच थर पसरा. फरशीची खालची बाजू ओली करा आणि मग बसवा. पाणसळ लावून पाहा. दोन फरशांत दोन सूत जागा सोडा, कारण दगड तापला की किंचित वाढतो. ती दरज मसाल्यानेच भरा. ७ दिवस पाणी मारा. मग आठवडाभर वाळू द्या. ओल्या दगडात पाणी असते. जाळ लागला की त्याची वाफ होते आणि दगड फुटतो. म्हणून घाई नको. पहिले दोन दिवस लहान जाळ करा.

सहावी गोष्ट गॅसची. सिलिंडर चुलीच्या खोलीत ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत पसरतो आणि चुलीपर्यंत पोचतो. पुढे काय होते ते सांगायला नको.

आणि ओटा कितीही चांगला झाला, तरी रांगते मूल चुलीपाशी एकटे सोडू नका.

त्या गवंडीमामांना अक्षर येत नव्हते. आम्हांला येत होते. पण त्या दिवशी शहाणे तेच ठरले. तुम्ही आता वाचायला शिकलात, याचा आम्हांला फार आनंद आहे. पुस्तक वाचा. पण ज्याने हातांनी काम केले आहे, त्याचेही ऐका.

आज घरी गेलात की एवढे करा. चुलीच्या तोंडापुढची जागा मोजा. दीड फुटाच्या आत गोणपाट, शेण्या, चिंध्या, काहीही असेल ते आजच उचला. ओटा सवडीने बांधा.