निवृत्तांचे नाताळ : थोडक्या श्रमांचे गोडधोड

इंद्रायणीच्या काठी, देहू आणि आळंदी ह्या दोन तीर्थांच्या मधल्या पट्ट्यात चिखली हे गाव आहे. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळी त्यांचे टाळ येथे पडले अशी भाविकांची श्रद्धा असल्यामुळे ह्या गावास टाळगाव चिखली असेही म्हणतात. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. त्यामागोमाग मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, आणि १९९७ साली चिखलीही पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आली. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. कारखान्यांच्या पाळ्यांत ज्यांची उमर गेली अशी नगरची, मराठवाड्याची, कोकणची, केरळातली माणसे ह्या भागात एकाच जिन्याने चढू-उतरू लागली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. ती आता पिकल्या केसांची झाली आहेत, आणि डिसेंबर लागला की त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : यंदा फराळ करावयाचा की नाही?

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, परंतु तसा तो नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ हा केवळ खाण्याचा पदार्थ कधीच नव्हता. त्यातील करंजी, शंकरपाळी, चकली ही दिवाळीच्याच ताटातली सख्खी भावंडे होत. आश्विनात शेजारणीचे ताट यावे आणि डिसेंबरात ते भरून परत जावे, हा ह्या घरांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. आलेले ताट रिकामे परत करू नये, ही शिकवण आपल्याकडे कोणत्या एका धर्माची नाही. गोव्यात ह्याच देवघेवीच्या गोडधोडाला कुस्वार म्हणतात.

नोकरी सुटते, मुले परगावी जातात, गुडघा आणि खांदा दुखू लागतो, वैद्य साखर बंद करतो. मग गृहिणी म्हणते, “दोघांपुरते काय करावयाचे?” त्या वर्षी दिवाळीचे ताट येते, पण नाताळात परत काही जात नाही. पुढच्या वर्षी ताट घेताना मन संकोचते. त्याच्या पुढच्या वर्षी कदाचित ताट येतही नाही. देणारा हात नुसता घेणारा झाला की म्हातारपण खरे जाणवू लागते. म्हणून उपाय हवा तो फराळ सोडण्याचा नव्हे, तर तो बेताचा करण्याचा.

पहिला बेत म्हणजे काय करावयाचे नाही ते ठरविणे. दोदोल हा नारळाचे दूध, तांदळाचे पीठ व माडाचा गूळ एकत्र तासन् तास घोटून होतो. दुखऱ्या खांद्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. बेबिंकाचा प्रत्येक थर निराळा भाजावा लागतो. तेही तरुण हातांचे काम. हे दोन पदार्थ खुशाल विकत आणावेत. घरी करण्याजोगे तीन पदार्थ पुरेत : कुलकुल, कोकाद आणि सुक्या मेव्याचा केक.

कुलकुल पंधरा तारखेच्या सुमारास करावेत, कारण ते पुष्कळ दिवस टिकतात. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बारीक रवा व चिमूटभर मीठ एकत्र करून त्यावर दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन घालावे आणि नारळाच्या दाट दुधात घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवावे. नंतर बोराएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर, किंवा फराळासाठीच ठेवलेल्या नव्या कोऱ्या फणीवर, दाबून पसरावी व गुंडाळीत उचलावी. तिच्यावर सुंदर रेघा उठतात. ह्या वळणदार आकारामुळेच कोकणीत ह्यांस किडयो, म्हणजे किडे, असे गमतीचे नाव आहे. मंद आचेवर बदामी तळावेत. एक वाटी साखर व पाव वाटी पाणी ह्यांचा दोन तारी पाक करून निम्मे कुलकुल त्यात घोळावेत. निम्मे न पाकवलेले ठेवावेत. साखर जपून खाणाऱ्यास त्यातले दोन-चार चहाबरोबर चालू शकतात, मात्र मैदाही पथ्याच्या हिशेबात धरावा.

वळण्याचे काम किचकट खरे, आणि तोच ह्या पदार्थाचा गुण. कुलकुल हा एकट्या माणसाचा पदार्थच नव्हे. गोव्यात सारे घर संध्याकाळी परातीभोवती बसून ते वळते. चिखलीच्या इमारतीत घरची माणसे नसतील, पण जिन्यात खेळणारी मुले असतात. काटे मुलांच्या हाती द्यावेत, तळणी वडीलधाऱ्यांनी आपल्याकडे ठेवावी. वाकडेतिकडे झालेले कुलकुल वळणाऱ्यानेच खावयाचे, असा नियम केला की काम चटकन आटोपते.

केकासाठी आरंभ मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी करावा. काळ्या मनुका, बेदाणे, खजुराचे तुकडे व संत्र्याची किसलेली साल मिळून दीडशे ग्रॅम मेवा संत्र्याच्या रसात भिजवून थंड कपाटात ठेवावा. आठवड्याहून अधिक ठेवावयाचा असल्यास रसाऐवजी रम वापरावी, नपेक्षा रसातला मेवा केकाच्या दोनच दिवस आधी भिजवावा. नाताळच्या केकास प्लम केक म्हणतात, पण त्यात प्लम नसतो. जुन्या इंग्रजीत मनुकांनाही तेच नाव होते. हिंदुस्थानातील पहिला नाताळचा केक १८८३ साली केरळात तेल्लिचेरी येथे मांबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्याने एका इंग्रज मळेवाल्यासाठी भाजला, असे सांगतात.

वीस तारखेच्या सुमारास शंभर ग्रॅम लोणी व शंभर ग्रॅम पिठीसाखर हलके होईतो फेसून त्यात दोन अंडी एकेक करून घालावीत. दोन मोठे चमचे साखर जाड पातेलीत तांबूस करपवून, जपून, पाव वाटी गरम पाणी घालावे. निवाल्यावर हे काळसर पाणी रंगासाठी मिसळावे. सव्वाशे ग्रॅम मैदा, एक लहान चमचा बेकिंग पावडर, थोडी दालचिनी व जायफळ चाळून घालावे आणि शेवटी निथळलेला मेवा. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात बोटभर मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी, झाकून दहा मिनिटे तापवावे आणि केकाचे भांडे आत ठेवून मंद आचेवर पाऊण ते एक तास भाजावे. पूर्वी झाकणावरही निखारे ठेवीत. सुरी खुपसून कोरडी निघाली की केक झाला.

कोकाद तेवीस तारखेस करावे. दोन वाट्या ओले खोबरे, दीड वाटी साखर, अर्धी वाटी भाजलेला रवा व अर्धी वाटी दूध मंद आचेवर ढवळावे. गोळा कडा सोडू लागला की वेलची घालून तूप लावलेल्या थाळीत थापावा व वड्या पाडाव्यात.

ताटे भरताना ह्या गावाची एक विशेष जाण ठेवावी लागते. येथे गळ्यात तुळशीची माळ असलेली वारकरी घरे आहेत. त्यांच्या ताटात केक ठेवू नये, कारण त्यात अंडे आहे. रमचा मेवा असेल तर तेही सांगावे. शिवाय नाताळच्या आसपास मार्गशीर्षातला गुरुवार किंवा एकादशी पुष्कळदा येते. त्यासाठी थोडे कोकाद रवा न घालता, जरा अधिक आटवून, निराळे करावे. शेजारीण दारातच, “आज माझा उपवास,” असे म्हणाली, की म्हणावे, “ठाऊक आहे. ही वडी उपवासाची आहे.” एवढ्या एका वाक्यात सबंध वर्षाचा शेजार येतो.

तीन पदार्थ, तीन निवांत दुपारी, आणि पाच-सहा ताटे. निवृत्त जोडप्यास ह्याहून अधिक करण्याची गरज नाही. पूर्वी पाळीवरून थकून येऊन रात्री जागून जे उरकावे लागे, ते आता दुपारच्या उन्हात बसून करता येते. चोवीस तारखेच्या संध्याकाळी ताटे रुमालाने झाकून जिन्यातून निघावीत. गुडघा दुखत असेल तर कुलकुल वळावयास आलेल्या मुलांच्याच हाती द्यावीत. आपण वळलेला पदार्थ कोणत्या ताटात आहे, हे ती प्रत्येक दारात सांगतीलच.