रंगाखालचा पत्रा

आमच्या घाटकोपरच्या घरी आईचे एक पोलादी कपाट आहे. मुलगी सासरी निघाली की 'गोदरेजचे कपाट' द्यावयाचे, अशी एके काळी रीतच होती. मग ते कोणत्या का कारखान्याचे असेना! (रीत चांगली होती, असे मी म्हणत नाही.) अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा धंदा आरंभिला, १९२३ साली पोलादी कपाटे करावयास घेतली आणि पुढे आमच्या शेजारी विक्रोळीस मोठा कारखाना उभा राहिला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ साली मतपेट्याही तेथे तयार झाल्या.

पत्रा दिसायला मुळात रुक्षच. त्याला रूप येते ते रंगाने. जुन्या कपाटांवर 'हॅमरटोन' असे. या रंगात ॲल्युमिनियमचा बारीक चुरा आणि किंचित सिलिकोन घालतात. वाळताना तो ठिकठिकाणी ओढला जातो आणि हातोडीने ठोकल्यासारख्या खळ्या पडतात. पत्र्यावरचे लहानसहान पोचे त्या नक्षीत झाकून जातात. आता तर पत्र्यावर सागाच्या रेषाही उमटवितात. पत्र्याने सागवान होण्याचा हा हट्ट मला रुचत नाही. मी कॉलेजात मराठी शिकवितो. अलंकार कोठे शोभतो हे सांगण्यावरच आमचे पोट, म्हणून हा आगाऊपणा!

तर आईच्या कपाटाने तळाशी गंज धरला. साकीनाक्याच्या एका गाळ्यात पावडर कोटिंगची चौकशी केली. त्यात पत्र्याचे तेल काढून आम्लाने गंज उतरवितात, फॉस्फेटचा थर देतात, मग विजेच्या भाराने कोरडी पूड चिकटवून सुमारे १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात.

कारागीर म्हणाला, "सर, रंग मारायला कितीसा वेळ? पण खाली गंज राहिला, तर पावसाळ्यात फुगून वर येणारच."

"म्हणजे आतला रंगही जाणार?"

"सगळा. पार कोरा पत्रा करायचा."

येथेच अडले. दाराच्या आतल्या बाजूस वडिलांनी कर्कटकाच्या टोकाने आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा मारलेल्या आहेत, शेजारी सालासकट. वडील आता नाहीत. रेघांत थोडा गंज उतरला, म्हणूनच त्या आज ठळक दिसतात.

आई म्हणाली, "मेलं गंजलं तर गंजू दे. त्या दाराला कुणी हात लावायचा नाही."

शेवटी कारागिरानेच तोड काढली. आतून दारावर कागद चिकटविला, बाहेरून हाताने खरवडले, लांबी भरली, प्रायमर दिला आणि हवेत वाळणारा हॅमरटोन फवारला. भट्टी नाही, तेव्हा तितका टिकाऊपणाही नाही, हे त्याने आधीच बजावले होते.

कपाट घरी आले. बिजागरीपाशी जुना हिरवा आणि नवा करडा, असे दोन रंग शेजारी शेजारी दिसतात. आईने दार उघडले, मिटले, आणि कुलूप लागते की नाही तेवढे पाहिले.