पंप लहान झाला, तरी ती उशिराच येते



 अध्यक्षपदावरून वर्षाचा आढावा घ्यायची प्रथा आहे. तो कार्यवाहांच्या अहवालात आलेला आहेच, म्हणून मी थेट विषयाकडे वळते. यांत्रिक हृदयपंप बसवलेल्या स्त्रियांचं पुढे काय होतं आणि मुळात किती स्त्रिया त्या पंपापर्यंत पोहोचतात, याबद्दल आज मला बोलायचं आहे.

ऑगस्ट १९६६, ह्यूस्टन. शल्यचिकित्सक मायकल डिबेकी यांनी एका रुग्णाच्या दोन झडपा बदलल्या होत्या, पण हृदय हार्ट-लंग मशीनवरून सुटायला तयार नव्हतं. त्यांनी डाव्या जवनिकेला मदत करणारा हवेवर चालणारा पंप जोडला. दहा दिवस त्या पंपाने काम केलं, मग हृदयाने स्वतःचं काम हाती घेतलं आणि रुग्ण घरी गेला. पंपाच्या आधारावर जगून बरा होऊन घरी गेलेला हा पहिला रुग्ण म्हणजे मेक्सिकोची ३७ वर्षांची एक स्त्री होती. या उपचाराच्या पहिल्या यशावर स्त्रीचं नाव आहे. आज मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत पंप बसवलेल्या दर पाच रुग्णांत स्त्री एकच असते.

असं का झालं, याचं एक उत्तर आपण सगळे पाठ असल्यासारखं देतो: स्त्रीचं शरीर लहान, पंप मोठा. एके काळी ते खरंही होतं. २००१ साली ‘रीमॅच’ चाचणीचे निष्कर्ष आले. १२९ रुग्ण होते. पंप बसवलेल्यांपैकी ५२ टक्के वर्षभर जगले, नुसत्या औषधांवरचे २५ टक्के. पण तो पंप किलोभराहून जड, पोटाच्या भिंतीत बसवायचा आणि शरीराचं पृष्ठफळ १.५ चौरस मीटरच्या खाली असेल तर बसवणं अवघड. दीडशे सेंटिमीटर उंचीची, ४५ किलोची बाई आपल्या कुठल्याही ओपीडीत रोज दिसते. तिचं पृष्ठफळ भरतं १.३७. म्हणजे निदान कितीही अचूक झालं असतं, तरी ती यादीत येऊच शकत नव्हती. संपूर्ण कृत्रिम हृदयाचंही तेच. ते आधी मोठ्या छातीच्या मापाचं आलं, लहान माप फार उशिरा आलं.

मग पंप लहान झाले. २००८ मध्ये अमेरिकेत हार्टमेट-२ ला मान्यता मिळाली आणि सतत प्रवाहाच्या पंपांचा काळ सुरू झाला. चुंबकीय बळावर अधांतरी फिरणाऱ्या चक्राचा हार्टमेट-३ तर हृदयाच्या टोकाशी छातीतच बसतो, पोटात खिसा करावा लागत नाही. मापाचा अडसर बराच दूर झाला. आता स्त्रियांचं प्रमाण वाढायला हवं होतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी सांगतात की २००४ मध्ये पंप बसवलेल्यांत स्त्रिया सुमारे २६ टक्के होत्या आणि २०१६ मध्ये २२ टक्के. पंप लहान होत गेला त्याच वर्षांत त्यांचा वाटा घटला. या आकड्यांनंतर मापाचं कारण पुढे करणं मला मान्य नाही.

आता निकालांकडे येऊ. जुन्या धडधडणाऱ्या पंपांच्या काळात रुग्णालयातच दगावणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. सतत प्रवाहाच्या पंपांनी ही दरी बरीचशी भरून काढली. हार्टमेट-३ बसवलेल्या स्त्री-पुरुषांची दोन वर्षांनंतरची जगण्याची शक्यता जवळपास सारखी निघाली, हे यश मोठं आहे. पण जगणं सारखं झालं म्हणून सोसणं सारखं झालं नाही. पक्षाघात आणि रक्तस्राव स्त्रियांमध्ये अजूनही जास्त आहेत. हार्टमेट-२ च्या रुग्णांवरच्या २०११ मधल्या एका विश्लेषणात मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळलं. त्याच विश्लेषणात पंपाशी निगडित जंतुसंसर्ग मात्र त्यांच्यात कमी होता. म्हणजे ‘बाईच्या शरीराला पंप सोसत नाही’ असं सरसकट म्हणायची सोय हे आकडे आपल्याला देत नाहीत.

अमेरिकी नोंदवहीतल्या जवळपास १९,००० रुग्णांच्या अभ्यासात एक गोष्ट फार बोलकी आहे. पंप बसल्यानंतरच्या पहिल्या चार महिन्यांत स्त्रियांच्या मृत्यूचा धोका पुरुषांच्या पावणेदोनपट होता. त्यानंतर ही तफावत ओसरत गेली. पहिले चार महिने म्हणजे शस्त्रक्रिया, अतिदक्षता, उजव्या जवनिकेची परीक्षा. रुग्ण कोणत्या अवस्थेत टेबलावर आला, याचा जाब हेच महिने विचारतात. स्त्रिया अधिक खालावलेल्या अवस्थेत येतात, उजवी जवनिका थकल्यावर येतात. माझ्या मते निकालातल्या फरकाचा मोठा भाग शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर, रुग्ण पुढे पाठवायला लागलेल्या उशिरात घडतो.

उरलेला भाग आपल्या हातात आहे, आणि तिथे बारकाईने काम करावं लागतं. स्त्रीची डावी जवनिका बहुधा लहान असते. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर हवा ओढू लागते. तसं जवनिकेत रक्त कमी आणि पंपाचा वेग जास्त झाला की नळीचं तोंड हृदयाच्या भिंतीलाच चिकटतं, लय बिघडते, प्रवाह पडतो. पुरुषाच्या हृदयावर बसलेला वेग तिच्यावर तसाच लावून चालत नाही. इको समोर ठेवून तो ठरवावा आणि पाण्याचं प्रमाण बदललं की पुन्हा पाहावा. सतत प्रवाहाच्या पंपावर बहुतेकांची नाडी हाताला लागत नाही, रक्तदाब डॉप्लरने घ्यावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉप्लर नाही म्हणून दाब न घेताच परत पाठवणं ही मेंदूतल्या रक्तस्रावाला दिलेली मोकळी वाट आहे.

आणि मासिक पाळी. वॉर्फरिन चालू आहे, पंपातून जाताना रक्तातला व्हॉन विलब्रँड घटक तुटतो आहे, आणि रुग्ण पस्तिशीची आहे. तिला किती अंगावरून जातं, हे राउंडवर कोणी विचारतं का? आयएनआर विचारतो, ड्राइव्हलाइनची जखम पाहतो, हिमोग्लोबिन सातवर आलं की आतड्यातून रक्त जातंय का म्हणून एंडोस्कोपी मागवतो. ती संकोचाने सांगत नाही आणि आपण संकोचाने विचारत नाही. रक्त चढवलं की शरीरात प्रतिपिंडं वाढण्याचा धोका असतो. गर्भारपणामुळे अनेकींच्या रक्तात ती आधीच असतात. मग जुळणारं हृदय सापडणं आणखी कठीण होतं. पंपावरच्या स्त्रियांना प्रत्यारोपण पुरुषांपेक्षा कमी मिळतं, त्यामागच्या कारणांत हे एक आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ पंपाच्या चमूत पहिल्या दिवसापासून असावी. वॉर्फरिन गर्भाला घातक आहे, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. गर्भनिरोधनाचा निर्णय डिस्चार्जच्या कागदावर मागाहून लिहिण्याजोगा नाही.

एका आजाराचा उल्लेख वेगळा करते, कारण तिथे आशा आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत हृदयाचा स्नायू अचानक दुबळा होतो. यातल्या बऱ्याच जणींचं हृदय सावरतं. हृदय सुधारल्यामुळे पंप काढता येण्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये जास्त दिसतं, त्याचं हेही एक कारण आहे. इथे पंप म्हणजे तिच्याच हृदयाला मिळालेली उसंत असते. पण बाळंतिणीला धाप लागली की घरात म्हणतात अशक्तपणा, दवाखान्यात म्हणतात रक्त कमी. आडवं झोपवत नाही, पायावर सूज आहे, तरी इको होत नाही. आपल्याकडची पहिली गळती इथे आहे.

तात्पुरत्या पंपांबद्दल थोडक्यात. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या शॉकमध्ये सूक्ष्म पंपाने जीव वाचतात, हे २०२४ मधल्या ‘डेंजर’ चाचणीने दाखवलं. ३५५ रुग्णांत सुमारे चार पंचमांश पुरुष होते. स्त्रियांमध्ये तो फायदा दिसला नाही, पण त्या इतक्या थोड्या होत्या की त्यावरून निर्णय देता येत नाही. त्यांना पुरेशा संख्येने घेतलं असतं, तर आज आपल्याकडे उत्तर असतं.

परदेशातले आकडे सांगून थांबणं बरं नाही. आपल्या देशात हा पंप कोटीच्या घरातला खर्च आहे आणि तो बहुधा कुटुंबालाच पेलावा लागतो. असा खर्च घरात कोणासाठी होतो, याची झलक अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे नोट्टोच्या आकड्यांत आहे. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली, त्यांतली ६,९४५ स्त्रियांची. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र स्त्रियांचीच संख्या मोठी. पंप बसवण्याआधी आपण विचारतो, घरी काळजी घ्यायला कोण आहे? बॅटरी बदलायला, जखम रोज स्वच्छ करायला, रात्री अलार्म वाजला तर उठायला. पुरुष रुग्णासाठी बायको किंवा आई पुढे येते. रुग्ण तीच असली की खोलीत शांतता पसरते आणि फायलीवर ‘कौटुंबिक आधार अपुरा’ असा शेरा पडतो. हा शेरा मला वैद्यकीय कारण म्हणून मंजूर नाही. तो पडला की समाजसेवा विभागाचं काम सुरू व्हायला हवं. नवऱ्याला, भावाला, मुलाला ड्रेसिंग शिकवता येतं, आणि आपल्या परिचारिका ते उत्तम शिकवतात.

या सभागृहाकडे माझं मागणं ठोस आहे. बाळंतपणानंतर धाप घेऊन आलेल्या प्रत्येक बाईचा इको त्याच दिवशी करा. दुबळ्या हृदयाची स्त्री औषधांना दाद देत नसेल, तर उजवी जवनिका थकायच्या आत तिला पंप आणि प्रत्यारोपणाच्या केंद्राकडे पाठवा. आणि येत्या वर्षभर प्रत्येक केंद्राने एक नोंदवही ठेवावी: ज्या स्त्रियांना पंप सुचवताच आला नाही, त्या किती आणि प्रत्येकीचं कारण काय. पुढच्या अधिवेशनाला येताना ती वही घेऊन या. पहिलं सत्र आपण त्याच नोंदींवर घेऊ.