क्षयाची लस आणि क्रयशक्ती

(नाशिक येथील भाषणावरून)



सिन्नरची विडी कामगार स्त्री किंवा मालेगावच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारा विणकर यांना लसीची गरज असते. परंतु अर्थशास्त्राच्या परिभाषेत त्यांची 'मागणी' नसते. ज्या गरजेमागे पैसा नाही, ती बाजाराला दिसत नाही. क्षयाच्या लसीचा इतिहास समजून घ्यायचा तर येथून सुरुवात करावी लागते.

बीसीजी ही लस 1921 साली फ्रान्समध्ये प्रथम माणसाला देण्यात आली. तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयापासून ती वाचवते, याविषयी वाद नाही. रोग पसरतो तो मात्र मुख्यतः खोकणाऱ्या प्रौढांकडून. 1968 साली चिंगलपेट जिल्ह्यात सुमारे 2,60,000 लोकांवर सुरू झालेल्या चाचणीने 1979 मध्ये असे दाखवून दिले, की प्रौढांच्या फुफ्फुसांच्या क्षयावर बीसीजीचा उपयोग होत नाही. त्यानंतर चार दशके उलटली. कष्टकरी प्रौढाला भरवशाची लस मिळालेली नाही.

अडचण शास्त्रीयही आहे, हे मान्य केले पाहिजे. शरीराच्या भक्षक पेशी क्षयाच्या जंतूला गिळतात आणि तो त्यांच्याच पोटात बिऱ्हाड करतो. प्रतिपिंडे तेथे सहजी पोचत नाहीत. टी-पेशींना शत्रूची ओळख पटवून द्यावी लागते. त्यासाठी बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत बीसीजीमध्येच जनुकीय फेरफार करून 'व्हीपीएम 1002' ही लस सिद्ध झाली. तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आले आणि 2019 पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने रुग्णांच्या सुमारे 12,000 कुटुंबीयांवर तिची व आणखी एका भारतीय लसीची चाचणी घेतली. मूळ संशोधन सार्वजनिक संस्थेचे, येथील चाचणी सरकारी परिषदेची, कारखाना खाजगी!

शास्त्र कठीण म्हणून विलंब झाला, एवढ्यावर भागत नाही. 'एम 72' या लसीने आफ्रिकेतील चाचणीत सुमारे पन्नास टक्के संरक्षण दिल्याचे 2018 साली प्रसिद्ध झाले. पुढच्या टप्प्याची चाचणी सुरू व्हायला 2024 उजाडले, आणि तीही देणगीदार संस्थांच्या पैशावर. कोरोनाची लस मात्र वर्षभरात तयार झाली, कारण त्या रोगाने श्रीमंत देशांचे दरवाजे ठोठावले होते.

आणि आपल्या सरकारने काय केले? गिंडीची सरकारी बीसीजी प्रयोगशाळा 1948 सालची. उत्पादनाचे निकष पाळले जात नाहीत या कारणावरून 2008 साली तिचा परवाना स्थगित झाला. स्थगिती उठायला 2010 साल लागले. निकष हवेतच, पण निकष पाळता येतील असा कारखाना वेळीच उभा करणे मालकाचे, म्हणजे सरकारचे काम होते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी नवी लस केव्हा येणार एवढेच विचारून थांबू नये. जनतेच्या पैशातून चाचणी झालेल्या लसीचे करार प्रसिद्ध होणार काय, तिची किंमत कोण ठरवणार, आणि सरकारी कारखान्यात ती बनवण्याचा हक्क राखून ठेवला आहे काय, हे लोकप्रतिनिधींना लेखी विचारावे.